पहिलं पिस्तूल 9 एमएम घ्यावं की .22? आणि कान-डोळ्यांसाठी नेमकं काय लागतं?

तुम्ही लिहिलंय की छंद म्हणून टार्गेट शूटिंग सुरू करायचंय, दोन-तीनदा रेंजवर जाऊन आलात, आणि ज्यांच्याबरोबर गेलात त्यांचं म्हणणं, ‘थेट 9 एमएम घे, .22 म्हणजे पोरखेळ. कानांत काय, कापूस कोंबला तरी चालतो.’ हे शेवटचं वाक्य वाचलं आणि बाकीची कामं बाजूला ठेवून लिहायला बसलो.

.22 घ्या (हे आकडे गोळीच्या जाडीचे, 9 मिलिमीटर किंवा .22 इंच). कापूस चालत नाही. आता सविस्तर.

माझा डावा कान बारा वर्षांपासून वाजतोय. बारीक, सरळ, एकाच पट्टीतली शिट्टी. दिवसा कामाच्या गडबडीत विसरायला होतं, रात्री दिवा मालवला की ती सुरू असल्याचं कळतं. सुरुवातीची दोन वर्षं मी उशाशी पंखा लावून झोपायचो, तेवढ्या घरघरीनं ती झाकली जायची म्हणून.

मला रेंजवर पहिल्यांदा नेलं ते चुलत दादानं. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, हात दगडासारखा स्थिर, आणि शिकवायची प्रचंड हौस. त्याच्याकडे 9 एमएमचं छोटं, हलकं पिस्तूल होतं, तेच त्यानं माझ्या हातात दिलं. पहिल्या मॅगझिनला, म्हणजे पिस्तुलात भरायच्या गोळ्यांच्या पेटीला, मजा वाटली. दुसऱ्या मॅगझिनपासून माझ्या गोळ्या टार्गेटच्या खाली डावीकडे जायला लागल्या. दादा मागून काहीतरी सांगत होता, कान झाकणाऱ्या हेडफोनसारख्या मफमुळे मला अर्धंच कळत होतं. पिस्तूल टेबलावर ठेवून मी दोनदा ‘काय?’ म्हणून विचारलं. तिसऱ्यांदा तो वैतागून ओरडला, ‘अरे, एका कानावरचा मफ सरकव ना जरा!’ मी डावीकडचा मफ वर उचलला. त्याच क्षणी डावीकडच्या लेनमध्ये आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर उडालं. त्या माणसाची काहीच चूक नव्हती. रेंज चालू होती, तो त्याच्या लेनमध्ये, त्याच्या टार्गेटवर मारत होता.

आवाज असा काही ऐकू आलाच नाही. कानशिलावर सपाट हाताची चपराक बसावी तसं झालं, मग सगळं जग एकदम लांब गेलं आणि त्या शांततेत ती शिट्टी सुरू झाली. दादा म्हणाला, उद्यापर्यंत जाईल. मग म्हणाला, आठवड्यात जाईल. महिन्याभरानं मी श्रवणतपासणी केली. उजव्या कानाची रेघ जवळजवळ सपाट, डाव्या कानाच्या रेघेला 4000 हर्ट्झपाशी खड्डा. मोठ्या आवाजानं कान गेला की आलेखात साधारण तिथेच खड्डा पडतो. स, श असे घासून येणारे आवाज याच वरच्या पट्ट्यात असतात, म्हणून गर्दीत मला आजही ‘साठ’ म्हटलेलं ‘आठ’ ऐकू येतं.

आणि दादा अजून म्हणतो, ‘एका गोळीनं काही होत नसतं, तू हेडफोन लावून बसायचास त्याचं आहे ते.’

होतं. एका गोळीनं होतं, आणि का होतं ते समजून घ्या, कारण तुमचे सोबतीही दादाच्याच पठडीतले दिसतायत. अचानक होणाऱ्या स्फोटक आवाजासाठी 140 डेसिबल ही धोक्याची रेघ मानतात. पिस्तुलाचा .22चा बारसुद्धा ती रेघ ओलांडतो. 9 एमएमचा 160च्या घरात जातो. डेसिबलची मोजपट्टी साधी नाही, दर 10 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे 140 आणि 160 यांत फरक वीसचा नाही, शंभरपटीचा आहे. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत. त्यांना सवय होत नाही, त्या घट्ट होत नाहीत. ‘आता मला आवाजाचं काही वाटत नाही’ असं जुना नेमबाज म्हणतो तेव्हा त्याचा कान कमावलेला नसतो, गेलेला असतो.

कापसाचं म्हणाल तर त्यातून आवाज आरपार जातो. फोमचे प्लग घ्या, पण घालायला शिका, कारण चुकीचा घातलेला प्लग कापसाच्याच लायकीचा. बोटांच्या चिमटीत वळून वळून तो वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा म्हणजे आतली नळी सरळ होते, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटानं दाबून धरायचा. बाहेरून तो फारसा दिसता कामा नये. निम्मा बाहेर लोंबत असेल तर काढून पुन्हा घाला.

त्यावर मफ. दोन्ही. किती डेसिबल आवाज अडतो हे सांगणारा आकडा दोन्हींवर असतो, त्यांची बेरीज होत नाही हे मात्र लक्षात ठेवा. 30चा प्लग आणि 25चा मफ मिळून 55 डेसिबल कमी होत नाहीत, दोघांतल्या चांगल्यापेक्षा साधारण 5 जास्त, इतकंच. पण बंदिस्त रेंजमध्ये भिंतींवरून आवाज परत येतो, तिथे ते 5ही हवेत. पैसे मोजकेच असतील तर पिस्तुलाचे कमी करून इलेक्ट्रॉनिक मफ घ्या. त्यात बाहेर माइक असतो, बोलणं आत पोचतं आणि बार झाला की आवाज आपोआप दाबला जातो. त्या दिवशी माझ्या डोक्यावर तो असता तर ‘काय?’ म्हणून विचारायची आणि मफ उचलायची वेळच आली नसती.

2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमधला तुर्कस्तानचा युसुफ डिकेच आठवत असेल. एक हात खिशात, साधा चष्मा, दोन्ही डोळे उघडे, आणि मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्य. दादानं मला तो फोटो पाठवला होता, खाली लिहिलेलं, ‘बघ, याला काही लागत नाही.’ दादा, फोटो मोठा करून बघ. त्याच्या कानांत प्लग आहेत. आणि ते हवेच्या दाबावर छर्रा सोडणारं एअर पिस्तूल होतं, ज्याचा आवाज बंदुकीच्या बाराच्या पासंगालाही पुरत नाही.

आता पिस्तूल. .22ची गोळी साधारण अडीच ग्रॅमची, 9 एमएमची साडेसात-आठ ग्रॅमची, आणि सुटतेही अधिक वेगानं. हातावर येणारा धक्का तिपटीहून जास्त. ‘आधीच जड शीक, मग हलकं सोपं जातं’ हे दादाचं तत्त्वज्ञान वजनं उचलायला ठीक असेल, इथे उलट होतं. धक्का आणि आवाज यांच्या धास्तीनं शरीर बार व्हायच्या आधीच आवळतं, मनगट खाली झुकतं, आणि उजव्या हातानं मारणाऱ्याच्या गोळ्या खाली डावीकडे जातात. माझ्या जात होत्या तशाच. ती धास्ती अंगात मुरायला दोन मॅगझिन पुरली, काढायला मला दीड वर्ष लागलं, आणि ती निघाली .22वरच.

तुमची मुरलीय का ते तपासायचं असेल तर सोबत्याला मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांच्या मध्येच एखादं डमी, म्हणजे बार न होणारं नकली काडतूस, भरायला सांगा, कुठे ते तुम्हाला न सांगता. डमीवर चाप ओढला की बार होत नाही आणि नळीचं तोंड खाली बुडालेलं स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. माझ्या वेळी ते इतकं बुडालं की मला टार्गेटच दिसेना. तेव्हा दादाही गप्प झाला होता.

छोटं, हलकं पिस्तूल टार्गेटसाठी घेऊ नका. तेच काडतूस हलक्या पिस्तुलातून जास्त लाथ मारतं, आणि नळी आखूड म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा, म्हणजे साइट, एकमेकींच्या जवळ, म्हणजे नेमातली बारीक चूक दिसतच नाही. पूर्ण आकाराचं, जरा जड, साइट खालीवर-डावीउजवी करता येणारं घ्या. कोणत्या कंपनीचं ते मी सांगणार नाही, ते तुमच्या हातानं ठरवायचंय. पिस्तूल रिकामं आहे याची स्वतः खात्री करा, मूठ शक्य तितकी वरच्या टोकाशी धरा, नळी हाताच्या रेषेत येऊ द्या, मग बघा तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर आपसूक पडतो का. बोट ताणावं लागत असेल किंवा पेर पार पलीकडे जात असेल, तर ते पिस्तूल कितीही नावाजलेलं असो, तुमचं नाही. रिव्हॉल्व्हर आवडत असेल तर हरकत नाही, फक्त गोळ्यांचा फिरता सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात, तिथे अंगठा जाता कामा नये. एअर पिस्तूलही मनावर घ्या. 4.5 एमएमचा छर्रा, 10 मीटरवर टार्गेटच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटरचं. चाप कसा ओढायचा हे ते जितकं शिकवतं तितकं दुसरं कोणी शिकवत नाही.

डोळ्यांचं थोडक्यात. पॉलिकार्बोनेटच्या काचा, बाजूनं झाकणाऱ्या, आघातचाचणी झालेल्या. एएनएसआय झेड 87.1 किंवा ईएन 166 असा शिक्का असतो. नंबरचा साधा चष्मा हे संरक्षण नाही, त्यावरून घालता येणारे गॉगल मिळतात. पुढे झापड असलेली टोपी घाला, कारण बार झाल्यावर पिस्तुलातून बाहेर उडालेलं रिकामं, गरम काडतूस वरून चष्मा आणि भुवई यांच्या फटीत पडतं. पापणीला चटका बसला की माणूस हातात भरलेलं पिस्तूल आहे हे विसरून गर्रकन वळतो, आणि खरी भीती त्या वळण्याची आहे. गळाबंद शर्टही त्यासाठीच. मफ विकत घेताना चष्मा घालूनच घालून बघा. चष्म्याची जाड काडी मफच्या गादीखालून गेली की फट पडते आणि आवाज तिथून शिरतो. बारीक, चपट्या काडीचा चष्मा निवडा.

आता राहिलेलं. .22ला मी चांगलं म्हटलं, ते निर्धोक आहे असं म्हटलेलं नाही. तिची गोळी एक किलोमीटरच्या पुढे जाते. तिच्या काडतुसात बार न होण्याचं प्रमाणही जास्त असतं. चाप ओढून काहीच झालं नाही तर नळी टार्गेटकडेच धरून निदान तीस सेकंद थांबा, कधी कधी बार उशिरा होतो. बहुतेक .22 काडतूस न भरता चालवू नयेत, काडतुसावर आपटणाऱ्या पिनेला इजा होते, सरावाला डमी वापरा. रेंजवर शिशाची धूळ असते, हात साबणानं धुतल्याशिवाय काही खाऊ नका आणि घरी लहान मूल असेल तर ते कपडे बदलल्याशिवाय त्याला उचलू नका. परवान्याचं काम आधी, खरेदी नंतर. मी डॉक्टर नाही आणि स्पर्धेतला नेमबाजही नाही. तुमच्या कानांत आधीपासूनच काही असेल तर रेंजवर जायच्या आधी तपासणी करून तो आलेख जपून ठेवा. माझ्याकडे आधीचा आलेख नव्हता, म्हणून हेडफोनचं बोलणं मला आजही खोडून काढता येत नाही.

दादाचा मुलगा आता सोळाचा झालाय आणि त्याला शिकायचंय. मागच्या महिन्यात दादानं मला विचारलं, त्याच्यासाठी कोणतं 9 एमएम बघू? मी त्याला .22 लिहून पाठवलं, आणि खाली प्लगची आणि इलेक्ट्रॉनिक मफची यादी. त्यानं वाचलंय, उत्तर अजून आलेलं नाही. मफ मी मागवून ठेवलेत.