'पायलॉसिटी' म्हणजे काय? हा शब्द आला कुठून, आणि तो 'हर्सुटिझम'पेक्षा वेगळा आहे का?

पायलॉसिटी म्हणजे केसाळपणा. माणूस असो, प्राणी असो की झाडाचं पान, अंगावर केस किंवा लव असणं एवढाच त्याचा अर्थ. बोलण्यात हा शब्द सहसा ऐकू येत नाही, भेटतो तो शास्त्रीय पुस्तकांत.

हर्सुटिझम मात्र वेगळा, आणि हा फरक नीट लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं. बाईच्या हनुवटीवर, छातीवर, पोटावर पुरुषांसारखे जाड, राठ केस येतात, त्या लक्षणाला हर्सुटिझम म्हणतात. त्यामागे बऱ्याचदा पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) विकार असतो. ते मोजायला फेरिमन आणि गॉलवे यांनी 1961 मध्ये गुणांची पद्धत बसवली. आज त्यात शरीराचे 9 भाग पाहून प्रत्येकाला 0 ते 4 गुण देतात. पायलॉसिटी या शब्दात असं कुठलंही निदान नाही. तो वाचून कुणी घाबरू नये.

आता मूळ. लॅटिनमध्ये 'पिलुस' म्हणजे केस आणि 'पिलोसुस' म्हणजे केसाळ. शब्द दुर्मिळ खरा, पण त्याचं गणगोत मोठं आहे. केस काढणं म्हणजे डेपिलेशन, ते यातलंच. स्लॉथ आणि मुंगीखाऊ ज्या गणात येतात त्याचं नाव पिलोसा. सुरवंटाला इंग्रजीत कॅटरपिलर म्हणतात, तो शब्दही जुन्या फ्रेंचमधल्या 'केसाळ मांजरी'वरून आला असावा, असं मानतात.

मला यातला सगळ्यात आवडता शब्द 'हॉरिपिलेशन', म्हणजे अंगावर काटा येणं. थंडीने किंवा भीतीने केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात आणि केस उभे राहतात. या शब्दाचा पहिला भाग लॅटिन 'होरेरे', म्हणजे ताठ उभं राहणं, थरथरणं. संस्कृतातला 'हृष्' धातू त्याचाच सख्खा भाऊ. दोघांचं मूळ एकच इंडो-युरोपीय. आपल्या 'रोमहर्षा'तला हर्ष तोच, आणि त्याचा जुना अर्थ आनंद नव्हे तर केस ताठ होणं हाच! म्हणजे केस आणि उभं राहणं ही तीच जोडी लॅटिननेही जमवली आणि संस्कृतनेही. फक्त क्रम उलटा.

एक सावधगिरी: खांबाला म्हणतात तो 'पिलर' आणि औषधाची 'पिल' दिसायला जवळचे, पण ते 'पिला' अशाच रूपाच्या दोन वेगळ्या लॅटिन शब्दांवरून आलेत. त्यांना या घराण्यात ओढू नका.