मीटिंगला काय घालू?

"मॅडम, प्रश्न अगदी फालतू आहे, पण क्लायंटकडे जाताना काय घालायचं तेच मला कळत नाही." समुपदेशनाच्या पहिल्याच सेशनला ती असं म्हणाली आणि लगेच डोळ्यात पाणी. प्रश्न फालतू अजिबात नाहीये, माझ्याकडे सेल्समधली बरीच मुलंमुली हाच प्रश्न घेऊन येतात, मुलं फक्त तो उठता उठता दारात उभं राहून विचारतात. तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून लिहितेय.

मुलगी 26 वर्षांची, गाव बार्शीकडचं, चिंचवडला पीजीमध्ये राहते. तिची कंपनी पॅकेजिंगचं सामान विकते, म्हणजे खोके, फोम, आणि लोखंडी पार्टला गंज लागू नये म्हणून वापरतात त्या व्हीसीआय पिशव्या. गिऱ्हाईक म्हणजे चाकण, भोसरीचे कारखाने. मालाची माहिती तिला तोंडपाठ. पण मीटिंगच्या दिवशी पहाटे पाच वाजल्यापासून पलंगावर कपड्यांचा ढीग, एक घाल एक काढ, आरशातले फोटो दोन मैत्रिणींना पाठव, एक म्हणते ब्लेझर दुसरी म्हणते साडी, यात निघायला उशीर, मग मोशीचं ट्रॅफिक, आणि गेटवर पोचेपर्यंत पाठीला कुर्ता चिकटलेला. आत गेल्यावर सगळं लक्ष त्या घामाच्या डागाकडे. एकदा तर साहेबांनी पिशवीची जाडी किती मायक्रॉन विचारली आणि ही दोनदा "सर?" म्हणाली, कारण तिला ऐकूच आलं नव्हतं.

हे सुरू कुठून झालं ते दुसऱ्या सेशनला सापडलं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तिचे मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "क्लायंटकडे जाताना जरा प्रेझेंटेबल येत जा." एवढंच. नेमकं काय चुकलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. त्यानंतर तिने एका पगारातून काळा ब्लेझर घेतला आणि मे महिन्यात दुचाकीवर तो घालून चाकणला गेली! मला खरंच वाईट वाटलं. असं मोघम बोलू नये हो कुणाला, विशेषतः नवीन माणसाला, आणि मुलींना तर कपड्यांवरून आधीच जास्त ऐकावं लागतं.

मी तिला विचारलं, मागच्या मीटिंगला समोरच्या साहेबांनी काय घातलेलं? आठवेना. शर्टचा रंग? नाही. टेबलावर काय होतं? ते मात्र लगेच आठवलं, गंज चढलेला एक बेअरिंगचा तुकडा, त्यांनी मुद्दाम दाखवायला ठेवलेला. मग मी तिला एका प्रयोगाबद्दल सांगितलं. अमेरिकेत थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2000 साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचा चेहरा छापलेला टीशर्ट घालायला लावून खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्या लोकांनी ओळखलं असेल कोण आहे ते, प्रत्यक्षात ओळखलं होतं साधारण चौथाई लोकांनी. याला स्पॉटलाइट इफेक्ट म्हणतात. आपल्यावर मोठा दिवा लावलाय असं आपल्याला वाटत राहतं, समोरचा मात्र स्वतःच्या गंजलेल्या बेअरिंगच्या काळजीत असतो.

पण म्हणून कपड्यांना काही महत्त्व नाही असं मी तिला सांगितलं नाही, कारण ते खोटं आहे. चुरगळलेला कुर्ता दिसतो, तुटलेलं बटण दिसतं. फक्त "मी कशी दिसेन" हा प्रश्न बाजूला ठेवून "तिथे मला काय काय करायचंय" असं विचारायचं. आम्ही कागद घेऊन बसलो. तासभर गाडी चालवायचीय, हेल्मेट आहे, सॅम्पलची बॅग खांद्यावर, मीटिंगनंतर साहेब बहुतेक वेळा "चला लाइन दाखवतो" म्हणतात, म्हणजे आत मशीन चालतात तिथे जायचं. शॉपफ्लोअरवर फिरत्या मशीनजवळ ओढणी नको, लांब बाह्या नकोत, लोंबणारे कानातले नकोत, हे शोभेसाठी नाही तर जिवासाठी, आणि पायात पुढून बंद असलेले सपाट बूट हवेत. एवढं लिहिल्यावर अर्धा ढीग आपोआप बाजूला झाला. उरला एक गडद निळा सरळ कॉटनचा कुर्ता आणि पँट, जे तिच्याकडे आधीपासूनच होतं. मग ठरलं, आदल्या रात्री इस्त्री करून हँगरला लावायचं, फोटो कुणालाही पाठवायचा नाही, आणि नवा कपडा पहिल्यांदाच मीटिंगला घालायचा नाही, आधी एक दिवस ऑफिसला घालून बघायचा.

जागा बदलली की उत्तर बदलतं, हेही बोललो. बँकेच्या मोठ्या ऑफिसात प्रेझेंटेशन असेल तर तोच ब्लेझर कामाला येईल. मार्केट यार्डात एखाद्या गाळ्यावर तो घालून गेलात तर शेठ खुर्ची पुसून देतील, पण भावाचं मोकळं बोलणार नाहीत.

सगळ्यात अवघड काम होतं मॅनेजरला विचारणं. ती वाक्यं आम्ही चारपाच वेळा मोठ्याने म्हणून पाहिली. शेवटी विचारलं तिने, सर तुम्ही प्रेझेंटेबल म्हणालात म्हणजे नेमकं काय हवं होतं? त्यांना आपण असं बोललो होतो हेच आठवत नव्हतं. म्हणाले, "कुर्ता चालतो की, फक्त ओढणी नको तिकडे." हे सांगताना ती आधी हसली आणि मग बराच वेळ रडली. मी रडू दिलं.

परवा आली तेव्हा वीस मिनिटं नुसतं चाकणच्या मीटिंगचंच सांगत होती. ट्रायलसाठी पाचशे पिशव्या मागितल्यात, आणि लगेच दहा टक्के डिस्काउंट पण मागितला. काय घातलं होतं ते मीच विचारलं, तर म्हणाली, तोच निळा. आता डिस्काउंटचा विषय निघाला की तिच्या घशाला कोरड पडते. पुढच्या बुधवारी त्यावर बसणार आहोत.