नेतान्याहूंवर युद्धगुन्ह्यांचं अटक वॉरंट आहे, तरी ते पंतप्रधान कसे? इस्रायलच्या लोकांना काहीच वाटत नाही का?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग कायद्याचा आहे. दुसरा भाग मला लागला, म्हणून लिहायला बसलो. मी त्या लोकांपैकीच एक आहे. जन्म रेवदंड्याचा, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. १९६९ साली, अकरा वर्षांचा असताना, आई, बाबा आणि थोरल्या भावाबरोबर इथे आलो. आम्हाला दिमोनाला वसवलं. आता मी बेअर शेवाला असतो. दादा अजून दिमोनालाच आहे, इथून अर्ध्या-पाऊण तासावर. घरात आम्ही आजही मराठी बोलतो आणि भांडतोही मराठीतच.

आधी कायदा. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०२४ रोजी तीन वॉरंटं काढली: बेन्यामिन नेतान्याहू, माजी संरक्षणमंत्री योआव गॅलंट आणि हमासच्या लष्करी शाखेचा प्रमुख मोहम्मद देइफ. हे न्यायालय माणसांवर खटले चालवतं, देशांवर नाही. दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध नरसंहाराचा दावा लावला ते न्यायालयही हेगलाच आहे, पण ते वेगळं. इस्रायल फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही, भारतही नाही. पॅलेस्टाईन २०१५ पासून आहे, म्हणून गाझात घडलेलं त्याच्या कक्षेत येतं. स्वतःचे पोलीस या न्यायालयाकडे नाहीत. सदस्य देशांनी पकडून द्यायचं असतं. एप्रिल २०२५ मध्ये नेतान्याहू हंगेरीला गेले, तो देश सदस्य होता, पण त्याने पकडलं नाही आणि उलट न्यायालयातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेने तर न्यायालयाच्या मुख्य वकिलावर आणि न्यायाधीशांवरच निर्बंध लादले. आरोपी समोर असल्याशिवाय तिथे खटला उभा राहत नाही. अटक का झाली नाही, याचं उत्तर एवढंच आहे.

पण आरोप काय आहे, ते बघा. यादीत ठळक आहे तो उपासमारीचा: लोकांचं अन्नपाणी तोडणं हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरणं. ९ ऑक्टोबर २०२३ ला गॅलंट टीव्हीवर म्हणाले की गाझाला पूर्ण वेढा, वीज नाही, अन्न नाही, इंधन नाही. त्या वेळी माझी भाची ओफाकीमच्या घरात होती. दोन दिवस आधी हमासची माणसं तिच्या गावात शिरली होती आणि ती लेकरांना घेऊन बंद खोलीत तासन्‌तास बसली होती. माझ्याही अंगाची आग होत होती. तरी ते शब्द ऐकले आणि मला १९८२ सालचा ऑगस्ट आठवला.

त्या उन्हाळ्यात मी चोवीस वर्षांचा होतो. ६ जूनला आपलं सैन्य लेबनॉनमध्ये शिरलं आणि मला मिलुइमचं, म्हणजे राखीव सैनिकाच्या हजेरीचं, बोलावणं आलं. मी ट्रक चालवायचो. बैरूतला पोचलो तेव्हा पश्चिम बैरूतला वेढा पडलेला होता. आत पॅलेस्टिनी नेते अराफत आणि त्यांची माणसं होती, आणि त्यांच्याबरोबर लाखो साधी माणसं. वरून आदेश होता: आत पाणी, वीज, पीठ, पेट्रोल जाऊ द्यायचं नाही. माणसं कमी पडली की आम्हा ड्रायव्हरांनाही पूर्वेकडून आत जाणाऱ्या रस्त्यावरच्या नाक्यावर उभं करायचे.

एके दिवशी भर दुपारी एक म्हातारा जुनी गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर आणि डिकीत गोण्या होत्या. त्याच्या बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी होती, नात असावी. तो हाताने खूण करून पीठ, पीठ म्हणत होता. फ्रेंचमध्ये काही बोलला, मग अरबीत. मला दोन्ही येत नव्हत्या. माझ्याबरोबरचा शिपाई मोरोक्कोहून आलेला, त्याला अरबी यायची. त्याने सांगितलं की म्हाताऱ्याची बेकरी आहे, तीन दिवस बंद आहे. आम्ही त्याला परत फिरवलं. मी स्वतः हात दाखवून गाडी वळवायला लावली. तो वाद घालत बसला नाही. गाडी वळवताना मुलगी काचेतून माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मी कोण आहे ते बघत असावी.

मी कुणाला गोळी घातली नाही. त्या युद्धात मी केलेलं सगळ्यात वाईट काम हेच, आणि मला ते चाळीस वर्षं पुरलं आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला सोडलं. १४ तारखेला लेबनॉनचा नवा निवडलेला अध्यक्ष आणि फलांज या ख्रिस्ती सशस्त्र गटाचा नेता बशीर गेमायेल याचा खून झाला. दुसऱ्या दिवशी आपलं सैन्य पश्चिम बैरूतमध्ये शिरलं आणि १६ च्या संध्याकाळी फलांजवाल्यांना साब्रा आणि शातिलाच्या पॅलेस्टिनी निर्वासित छावण्यांत पाठवलं. आपल्या लोकांनी वेढा घातला होता, रात्री आकाशात उजेडाचे गोळे सोडले होते. शनिवार सकाळपर्यंत आत कत्तल चालू होती.

त्या शुक्रवारी संध्याकाळी रोश हशाना लागली, आमचं नवं वर्ष. आईने चिकाचा हलवा केला होता, अगदी रेवदंड्याला करायची तसा, नारळाच्या दुधातला. आमच्याकडे शबातला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि सणाला रेडिओ लावत नसत. रविवारी संध्याकाळी सण सुटला आणि बाबांनी रेडिओ लावला. हलव्याची थाळी टेबलावरच होती. बातमी संपली तरी कोणी बोललं नाही. मग दादा म्हणाला, "अरबांनी अरबांना मारलं. आपला काय संबंध?"

पुढच्या शनिवारी, २५ सप्टेंबरला, मी तेल अवीवच्या चौकात होतो. चार लाखांची सभा म्हणून ती इतिहासात गेली. आकडा कोणी कमी सांगतं, पण त्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती हे मी सांगतो. मागणी एकच होती: न्यायालयीन चौकशी. योम किप्पूर, आमचा प्रायश्चित्ताचा दिवस, दोन दिवसांवर आला होता. त्या दिवसाआधी आम्ही एकमेकांची माफी मागतो. दिमोनाच्या आमच्या सिनेगॉगच्या दारात मी दादापुढे गेलो. तो म्हणाला, "माझी नको. आधी सैन्याची माफी माग." आणि आत निघून गेला.

काही वाटत नाही का, असं तुम्ही विचारलंत. आम्हाला वाटलं होतं, आणि त्याचा परिणामही झाला होता. पंतप्रधान बेगीन यांच्या सरकारला चौकशी नेमावी लागली. सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश यित्झाक काहान, न्यायाधीश अहारॉन बाराक आणि निवृत्त सेनाधिकारी योना एफ्रात. फेब्रुवारी १९८३ मध्ये अहवाल आला. हत्या फलांजवाल्यांनी केल्या, पण छावण्यांत त्यांना सोडलं तर सूड घेतला जाईल हा धोका संरक्षणमंत्री आरिएल शारोन यांनी दुर्लक्षिला, ही त्यांची व्यक्तिगत जबाबदारी, असं त्यात स्पष्ट लिहिलं. मृतांचा आकडा समितीने सातशे ते आठशे धरला, इतरांचे अंदाज हजारांत जातात. अहवाल लागू करा म्हणून जेरुसलेममध्ये निघालेल्या मोर्चावर १० फेब्रुवारीला कोणीतरी हातबॉम्ब फेकला. त्यात एमिल ग्रुनत्स्वाइग हा तरुण गेला. तो स्वतः लेबनॉनमधून लढून आलेला होता. त्यानंतर शारोन यांनी संरक्षण खातं सोडलं.

दादाचा मुद्दा मला माहीत आहे, २००१ सालापासून तो दर सणाला तोच काढतो: "बघ, तुझा शारोन पंतप्रधान झाला. काय मिळवलंत?" खरं आहे. ते मंत्रिमंडळातून पूर्ण गेलेसुद्धा नव्हते, बिनखात्याचे मंत्री राहिले होते. म्हणून मी काहान समितीला देवघरात ठेवत नाही. पण तिने एक गोष्ट केली. आपल्या नेत्याला विचारलं की तुला माहीत होतं का, आणि नसेल तर का नव्हतं. हेगचा कायदा याहून फार वेगळं विचारत नाही.

आणि याच कायद्यात एक दार आहे. एखादा देश स्वतः प्रामाणिकपणे चौकशी आणि खटला चालवत असेल तर हेगने हात घालायचा नाही. नेतान्याहूंना हे दार उघडता आलं असतं. त्यांनी उघडलं नाही. वेढ्याची चौकशी दूरच राहिली. ७ ऑक्टोबरला बाराशे माणसं मेली, २५१ जणांना ओलीस नेलं, त्या अपयशाचीही सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षांनी नेमलेली समिती मी हे लिहितोय तोवर बसलेली नाही. मला विचाराल तर ज्याला स्वतःच्या मेलेल्या माणसांची चौकशी नको असते, त्याने गाझाच्या माणसांची केली असती असं मानायचं कारण नाही.

मग ते सत्तेत कसे? नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला १२० पैकी ६४ जागा मिळाल्या. स्मोट्रिच आणि बेन-ग्वीर या कट्टर उजव्या नेत्यांशिवाय ती टिकत नाही, आणि त्या दोघांना युद्ध थांबलेलं नको होतं. शिवाय २०२० पासून भ्रष्टाचाराचा खटला चालू आहे, खुर्ची सुटली तर तो जड जाईल. पण याहून खोल कारण आमच्या घरात आहे. आम्ही आलो तेव्हा देश मजूर पक्षाच्या हातात होता. आम्हाला वाळवंटात टाकलं. आमच्या आधी आलेल्या बेने इस्रायलांना तर लग्नासाठी ज्यूपण सिद्ध करा म्हणत होते. १९६४ ला संसदेने ठराव करेपर्यंत लोक जेरुसलेमला उपोषणाला, धरण्याला बसले. १९७७ ला लिकुड पक्षाचे बेगीन आले आणि पहिल्यांदा कोणीतरी आमच्यासारख्यांकडे माणूस म्हणून बघितलं. दादाने तेव्हापासून दुसरं मत दिलेलं नाही. नेतान्याहू त्याच पक्षाचे. त्याच्या पक्षाच्या नेत्यावर बोट ठेवलं की त्याला ते स्वतःवर ठेवल्यासारखं वाटतं. त्याचं दुःख खोटं नाही. पण त्या दुःखाचं बिल गाझाच्या पोरांच्या नावावर फाडता येत नाही. २ मार्च २०२५ पासून अकरा आठवडे आम्ही आत काहीच जाऊ दिलं नाही. ऑगस्टमध्ये गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ असल्याचं संयुक्त राष्ट्रांचा पाठिंबा असलेल्या तज्ज्ञांनी जाहीर केलं. आमचं सरकार ते नाकारतं.

ज्यांना हे सगळं ज्यूद्वेष वाटतं त्यांना मी एकच नाव सांगतो: अहारॉन बाराक. काहान समितीतले तेच. लहानपणी नाझींच्या तावडीतून वाचलेले. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दाव्यात इस्रायलने नेमलेले न्यायाधीश म्हणून ते बसले. बहुतेक आदेशांना त्यांनी विरोध केला. पण गाझात मदत पोचू द्या या आदेशाच्या बाजूने आणि चिथावणी रोखण्याच्या आदेशाच्या बाजूने त्यांनी मत दिलं. भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारीही बहुमतात होते.

हमासबद्दल आधीच लिहायला हवं होतं. ७ ऑक्टोबरला त्यांनी केलं ते माझ्या मते मानवतेविरुद्धचा गुन्हाच आहे, त्याला कुठलंही 'पण' नाही. हेगच्या वकिलाने याह्या सिनवार, इस्माईल हनिया आणि देइफ या तिघांविरुद्धही अर्ज केला होता. तिघेही मारले गेले आणि ती प्रकरणं बंद झाली. कित्येकांना यात न्याय झाला असं वाटतं. मला वाटतं आमच्या माणसांची साक्ष राहून गेली. ओलीस ठेवणं, बलात्कार, सगळं त्या न्यायालयात उलगडलं असतं, देइफला समोर बसवून. रामल्लाचे पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास २००५ साली चार वर्षांसाठी निवडून आले आणि अजून तिथेच आहेत. हमासने २००६ ची संसदेची निवडणूक जिंकली, त्यानंतर गाझात तशी निवडणूक झालेली नाही. "त्यांनीच हमासला निवडलं" असं तुमच्याकडचे लोक लिहितात, त्यांनी लक्षात घ्यावं की गाझात जवळपास निम्मी लोकसंख्या मुलांची आहे. ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

आणखी एक. वॉरंट म्हणजे शिक्षा नव्हे. सरकारने सगळे आरोप फेटाळले आहेत, आणि खटल्यात काय टिकेल हे न्यायाधीश ठरवतील. मी वकील नाही, मला दिसतं तसं लिहिलं. तुम्हाला एवढंच सुचवेन की आम्हाला सगळ्यांना एका पोत्यात घालू नका. ओलिसांच्या कुटुंबांबरोबर दर शनिवारी रस्त्यावर उतरलेल्यांत माझी सून होती, आणि तिचा नवरा त्याच वेळी गाझात मिलुइमवर होता.

दादा हे वाचणार, भाची त्याला मोबाइलवर मोठी अक्षरं करून देते. तर दादा, त्या म्हाताऱ्याबद्दल तू त्या योम किप्पूरला म्हणालास आणि परवाही म्हणालास की गोण्यांत हत्यारं असतील, म्हणून वळवलं ते बरोबर केलं. मी तुला कधी पुढचं सांगितलं नाही. वळवण्याआधी मी सगळ्या गोण्या उतरवून सोडायला लावल्या होत्या. कोपरापर्यंत हात घालून बघितलं होतं. पीठच होतं, दादा. त्याने त्या पुन्हा बांधल्या, मुलीने सुतळी धरली, आणि मग मी त्यांना परत पाठवलं.