शंकासमाधान : छत्री, अँटेना आणि मधले आकाश

पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे घरच्या दूरचित्रवाणीविषयी आणि तिच्या छत्रीविषयी, म्हणजे डिश अँटेनाविषयी, आहेत. त्यांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. राजापूर आणि हर्णै येथील पत्रांची उत्तरे लांबली आहेत, कारण तशाच तक्रारी आणि तशाच आठवणी किनारपट्टीवरच्या इतर वाचकांनीही कळवल्या आहेत.

प्रश्न : पावसाची जोरदार सर आली की आमच्या छत्रीवरचे चित्र जाते, शेजाऱ्यांच्या केबलवरचे मात्र चालू राहते. पूर्वी सर ओसरताच चित्र परत येत असे. गेल्या पावसाळ्यात मात्र पाऊस थांबल्यावरही ते तासन्‌तास येत नसे. मेकॅनिक मोठी छत्री घ्यायला सांगतो. ती घ्यावी का? — एक वाचक, राजापूर

उत्तर : आपण दोन वेगळी दुखणी एकाच पत्रात लिहिली आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. सरीपुरते चित्र जाणे हा पावसाचा परिणाम आहे. पाऊस थांबल्यावरही चित्र न येणे हा मात्र आपल्या गच्चीवरचा किंवा वळचणीखालचा दोष आहे, आणि तो मोठ्या छत्रीने जाणार नाही.

आधी पावसाचे पाहू. घरच्या छत्रीवर उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी केयू बँड या लहरपट्ट्यातील असतात आणि त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते. पावसाचा मोठा थेंब काही मिलिमीटरांचा असतो. लहरीची लांबी आणि थेंबाचा आकार जितके जवळ येतात, तितकी अधिक ऊर्जा थेंब शोषून घेतात आणि इतस्ततः विखुरतात. केबलचालक बहुतेक वाहिन्या सी बँडच्या मोठ्या छत्र्यांवर घेतो. त्या लहरी साधारण साडेसात सेंटिमीटरांच्या असल्याने पाऊस त्यांना फारसा अडवू शकत नाही, म्हणून शेजाऱ्यांचे चित्र टिकते. शिवाय जुन्या अँटेनावर संकेत कमी झाला तर चित्रात मुंग्या येत, आवाज खरखरे, पण माणूस ओळखू येई. डिजिटल संकेताचे तसे नसते. तो ठरावीक पातळीपर्यंत चित्र निर्दोष देतो आणि त्याखाली घसरला की चित्राचे चौकोनी तुकडे होऊन पडदा काळा पडतो.

आता दुसरे दुखणे. छत्रीच्या दांड्यावरील एलएनबीला, म्हणजे छत्रीने गोळा केलेला संकेत टिपणाऱ्या डबीला, जिथे केबल जोडलेली असते, तो स्क्रूचा जोड, म्हणजे एफ कनेक्टर, कोरड्या दिवशी सोडवून पाहावा. मधली तांब्याची तार लख्ख दिसायला हवी. ती हिरवट किंवा काळी दिसली, आवरणाखालची बारीक जाळी ओलसर लागली, तर पाणी आत शिरले आहे असे समजावे. मी स्वतः दुरुस्तीची कामे करीत असताना अशाच एका घरी गेलो होतो. तिथे दोनदा सेट टॉप बॉक्स बदलून झाला होता, आणि केबल उलटी धरून झटकली तेव्हा तिच्यातून चमचाभर पाणी निघाले. कनेक्टरवरची रबरी टोपी कोणीतरी काढून ठेवली होती, एवढेच कारण. पाणी शिरलेला भाग वाळवून काही उपयोग नसतो. खराब झालेली केबल तांबे स्वच्छ लागेपर्यंत कापून टाकावी, नवा कनेक्टर बसवावा, त्यावर टोपी चढवून जलरोधक टेप गुंडाळावी, आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोका द्यावा, म्हणजे पाणी त्या झोक्याच्या तळाशी ठिबकेल आणि केबलवरून ओघळत आत येणार नाही.

हे केल्यावर सेट टॉप बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, त्यांतील ‘क्वालिटी’ची पट्टी पाहावी. ‘स्ट्रेंथ’ची पट्टी संकेताबरोबर नको असलेला गोंगाटही मोजते, त्यामुळे तिच्यावर विसंबून छत्री फिरवणारा माणूस हमखास फसतो. कोरड्या हवेत क्वालिटी आधीच काठावर असेल, तर पहिल्याच सरीत चित्र जाणार. छत्री किंचित हलवून ती जास्तीत जास्त करावी आणि मगच बोल्ट आवळावेत. मोठ्या छत्रीचा विचार यानंतरचा. ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री घेतली, तर ती सव्वादोन पट संकेत गोळा करील आणि चित्र जाण्याचा काळ नक्की कमी होईल, पण आषाढातील कोकणी पावसापुढे तो शून्यावर येणार नाही. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

प्रश्न : गच्चीवर जुन्या अँटेनाचा बारा फुटी पाइप अजून उभा आहे. छत्री त्याच्या टोकावर चढवली तर अधिक चांगले दिसेल का? जुनी अँटेना आता काही कामाची आहे का? समोरचे झाडही वाढले आहे. — एक वाचिका, पुणे

उत्तर : छत्री पाइपवर चढवू नये. उंचीची गरज अँटेनाला होती, छत्रीला नाही. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे ते कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. त्या लहरी जमिनीलगत, जवळजवळ सरळ रेषेत येत. मध्ये इमारत किंवा टेकडी आली की चित्राशेजारी दुसरे पुसट चित्र उमटे. म्हणून ज्याचा पाइप उंच, त्याचे चित्र स्वच्छ. त्या काळी पुण्यातील कोणत्याही गच्चीवर उभे राहिले तरी सगळ्या अँटेनांची तोंडे नैर्ऋत्येला, सिंहगडाकडे वळलेली दिसत. एक जण वर पाइप फिरवी, एक जण जिन्यात उभा राही, आणि घरातून “आलं, आलं… गेलं!” असा पुकारा होई. ज्यांनी हे केले आहे त्यांना ते सांगायला नको.

छत्रीचा उपग्रह मात्र विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. एवढ्या अंतरात बारा फुटांनी काहीच फरक पडत नाही. उलट लांब पाइप वाऱ्याने डोलतो आणि छत्री दोन-तीन अंश जरी हलली तरी चित्र जाते. छत्री कठड्याच्या भिंतीला, हात पुरेल अशा ठिकाणी घट्ट बसवावी.

झाडाविषयी घाईने निर्णय घेऊ नये. छत्रीचे तोंड जिथे दिसते, तिथून संकेत येतो, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. घरच्या छत्रीत एलएनबी मधोमध नसून खालच्या दांड्यावर असते. तिची सावली छत्रीवर पडू नये म्हणून ही रचना केलेली असते, आणि त्यामुळे छत्री प्रत्यक्ष दिशेपेक्षा वीस-पंचवीस अंश खाली पाहत असल्यासारखी दिसते. दूरदर्शनची मोफत ‘डीडी फ्री डिश’ सेवा ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. पुण्यातून तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर आहे. याचा अर्थ असा, की दहा फुटांवरचे झाड छत्रीच्या वर साडेसोळा फुटांहून अधिक गेले तरच ते आडवे येईल. आपली सेवा दुसऱ्या उपग्रहावरून येत असेल तर दिशा आणि कोन थोडे बदलतील, पण हिशेब याच रीतीने करायचा. केवळ छत्रीसमोर दिसतो म्हणून भरल्या शेंगांचा शेवगा तोडलेला मी पाहिला आहे, आणि त्यानंतरही चित्र आले नव्हते.

राहिली जुनी अँटेना. दूरदर्शनने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद केले आहे, त्यामुळे तिच्यावर आता जुने चित्र येणार नाही. काढायचीच असेल तर ती दोघांनी मिळून आणि विजेच्या तारांपासून दूर धरून उतरवावी. एफएम रेडिओला जोडून पाहायचे असेल तर मात्र तिला राहू द्यावे, आवाज बहुधा सुधारतो.

प्रश्न : मार्चमध्ये सलग काही दिवस, निरभ्र आकाश असताना, सकाळी अकराच्या सुमारास चित्र काही मिनिटे जात होते. छत्री बिघडली आहे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. त्या दिवसांत सूर्य काही मिनिटांसाठी आपल्या छत्रीच्या नेमक्या रेषेत, उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ लहरींत उपग्रहाचा क्षीण संकेत बुडून जातो. महाराष्ट्रात हे मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीला घडते. त्या वेळी एलएनबीची सावली कुठे पडते ते पाहून ठेवावे. कोणतेही उपकरण न वापरता उपग्रहाची अचूक दिशा सूर्याने दाखवलेली असते. छत्रीला मात्र हात लावू नये.

प्रश्न : आमचे आजोबा सांगत, की १९८०च्या दशकात उन्हाळ्यात कधी कधी टीव्हीवर कराचीचे आणि आखाती देशांचे कार्यक्रम दिसत. घरात कोणाचा विश्वास बसत नाही. हे शक्य होते का? — एक वाचिका, हर्णै

उत्तर : आजोबांवर अवश्य विश्वास ठेवावा. हर्णैपासून कराची समुद्रमार्गे सुमारे हजार किलोमीटरांवर आहे. प्रक्षेपण मनोऱ्याचा नेहमीचा पल्ला शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर असल्याने हे अशक्य वाटते, हे खरे. पण मार्च ते मे या काळात अरबी समुद्रावर हवेचे दोन थर एकमेकांवर बसतात. खाली समुद्राला लागून दमट आणि तुलनेने थंड हवा, आणि तिच्यावर अरबस्तानाच्या वाळवंटाकडून आलेली कोरडी, तापलेली हवा. या दोन थरांच्या सीमेवर हवेचा अपवर्तनांक, म्हणजे लहरींना वळवण्याची तिची क्षमता, एकदम बदलतो. त्यामुळे एरवी आकाशात निघून जाणाऱ्या लहरी पुन्हा खाली वळतात, पाण्याजवळ येऊन परत वर जातात, पुन्हा वळतात आणि पन्हाळीतून पाणी वाहावे तशा समुद्रावरून पुढे जातात. मध्ये डोंगर नाही, इमारत नाही. मोसमी वारे सुरू झाले की हवा ढवळली जाते आणि ही पन्हळ मोडते, म्हणून आजोबांना ते चित्र उन्हाळ्यातच दिसले.

मुंबईशी या गोष्टीचा संबंध दूरचित्रवाणीच्याही आधीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या रडारवर उन्हाळ्यात थेट अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटत होते. हे अंतर दीड हजार किलोमीटरांहून अधिक होते. लहरींच्या अभ्यासकांनी त्या नोंदी जपून ठेवल्या आणि आजही या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत मुंबईचे उदाहरण दिले जाते. बँड १ मधील, म्हणजे पाच मीटरांच्या आसपासच्या लहरींना आणखी एक वाट होती. उन्हाळ्यात सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर अधूनमधून विद्युतभारित हवेचे दाट पट्टे तयार होतात आणि त्या लहरी तिथून परावर्तित होऊन हजार-दोन हजार किलोमीटरांवर उतरतात. अशा वाटेने आलेले चित्र काही मिनिटांत येते आणि जाते, तर समुद्रावरच्या पन्हळीतून आलेले चित्र रात्रभरही टिकू शकते. आजोबा हयात असतील तर चित्र किती वेळ टिके, हे त्यांना जरूर विचारावे. त्यावरून कोणती वाट होती ते बरेचसे सांगता येईल.

आणखी एक कारण लक्षात घ्यायला हवे. लहर पोचली तरी आपल्या संचाला तिची भाषा कळायला हवी. भारत, पाकिस्तान, ओमान आणि संयुक्त अरब अमिराती या सर्वांनी पॅल ही एकच रंगपद्धती स्वीकारलेली होती, त्यामुळे कराचीचे किंवा दुबईचे चित्र आपल्या संचावर रंगांसह जुळून येई. इराणने सेकॅम ही फ्रेंच पद्धती घेतली होती. तेथील चित्र आले असते तर ते केवळ पॅल जाणणाऱ्या संचावर रंगांविना दिसले असते.

ही पन्हळ आजही दर उन्हाळ्यात तयार होते. अ‍ॅनालॉग संच गेले, पण एफएम रेडिओ आहे. एप्रिलच्या एखाद्या वारा पडलेल्या रात्री बंदरावर रेडिओ नेऊन, स्थानिक केंद्रे नाहीत अशा जागी काटा सावकाश फिरवून पाहावा. ऐकू आलेच तर केंद्राचे नाव, दिवस आणि वेळ आम्हाला कळवावी, आम्ही ते छापू.

प्रश्न : पूर्वी परदेशी फोन केला की आपले बोलणे पोचायला वेळ लागे आणि दोघेही एकदम बोलत. आता अमेरिकेतील मुलीशी बोलताना तसे होत नाही, पण बातम्यांतील दूरच्या बातमीदाराच्या बाबतीत अजून होते. असे का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पुण्याजवळ आर्वी येथे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ‘विक्रम’ भूकेंद्र कार्यरत होते आणि आपले परदेशी फोन तेथील प्रचंड छत्रीवरून उपग्रहामार्गे जात. लहर प्रकाशाच्या वेगाने गेली तरी उपग्रहापर्यंत जाऊन परत उतरायला तिला पाव सेकंद लागतो. आपला प्रश्न जायला पाव आणि मुलीचे उत्तर यायला पाव, असा अर्धा सेकंद होतो. समोरचा गप्प आहे असे वाटून आपण पुन्हा बोलू लागतो, नेमके तेव्हाच त्याचे उत्तर येते.

आता आपला फोन समुद्रतळावरच्या काचतंतूच्या केबलमधून जातो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला दोन लाख किलोमीटर एवढा कमी होतो, तरीही अमेरिकेपर्यंतचा प्रवास एका दिशेने सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरकतो आणि कानाला ते जाणवत नाही. बातमीदार पूरग्रस्त गावात किंवा घाटात उभा असेल तर तिथे तशी केबल नसते. त्याच्या गाडीच्या टपावरची छत्री उपग्रहाकडेच पाहत असते, आणि संकेत आवळून पाठवण्यात व उलगडण्यात जाणारा वेळही त्यात मिळतो. म्हणूनच निवेदकाचा प्रश्न संपल्यावर तो कानातले यंत्र दाबून मान हलवत क्षणभर थांबलेला दिसतो.