एट्रियल फिब्रिलेशनमध्ये आधी नुसतं हृदयाचं थ्रीडी मॅपिंग करून घेऊन मग ॲब्लेशनचं ठरवता येतं का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ६४ वर्षांचे आहेत, वर्षभर धडधड येते-जाते, होल्टरमध्ये (दिवसभर अंगावर ठेवायचा ईसीजी) एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतली विजेची अनियमित गडबड, सापडलं आणि डॉक्टरांनी ‘थ्रीडी मॅपिंग करून ॲब्लेशन’, म्हणजे विजेचा नकाशा काढून ठरावीक जागा जाळणं किंवा गोठवणं, सुचवलं. तुमचा विचार असा, की आधी मॅपिंग करू, दोष कुठे आहे ते कळेल, तो रिपोर्ट आणखी एकदोघांना दाखवू आणि मग पुढचं बघू.

तसं करता येत नाही. मॅपिंग म्हणजे सीटी किंवा एमआरआयसारखी तपासणी नव्हे, तो ऑपरेशनचाच पहिला टप्पा आहे. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, हृदयात गेल्याशिवाय नकाशा सुरूच होत नाही. आणि एवढं आत गेल्यावर नुसतं बघून कोणी परत येत नाही.

मी डॉक्टर नाही. गेली बारा वर्षं कॅथलॅबमध्ये (अशी कॅथेटरची कामं होतात ती खोली) मॅपिंगच्या मशीनवर बसते. डॉक्टर टेबलापाशी उभे राहून कॅथेटर फिरवतात, आणि त्याने टिपलेले सिग्नल नकाशात नीट बसतायत ना, हे बघणं माझं काम. बाबांच्या औषधांबद्दल मी काही बोलणार नाही, ते डॉक्टरांनाच विचारा. राहायला नौपाड्यात आहे, त्यामुळे उदाहरणं ठाण्यातलीच येतील.

कॅथेटर जांघेतून आधी उजव्या वरच्या कप्प्यात पोचतं. आपलं काम असतं डाव्या वरच्या कप्प्यात, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या डाव्या अलिंदात. मधल्या पडद्याला सुईने बारीक भोक पाडून पलीकडे जावं लागतं. ऐकताना पोटात गोळा येतो खरा, पण ते भोक बहुतेकांचं आपोआप बुजतं. त्याआधी अन्ननलिकेतून सोनोग्राफी करून त्या कप्प्यात रक्ताची गुठळी नाही ना, हे बहुतेक ठिकाणी बघतात. गुठळी सापडली तर त्या दिवशी सगळं रद्द.

मग मॅपिंग. टेबलाखालच्या चुंबकीय क्षेत्रामुळे किंवा अंगाला लावलेल्या पॅचेसमुळे कॅथेटरचं टोक या क्षणी नेमकं कुठे आहे, ते मशीनला कळतं. टोक भिंतीला टेकलं की त्या जागेची वीज नोंदली जाते. टोक फिरत जातं तशी स्क्रीनवर कप्प्याची आकृती उभी राहते. पूर्वी एकेक बिंदू घ्यावा लागायचा, शंभर-दीडशे झाले की समाधान मानायचं. आता एकाच कॅथेटरवर वीज टिपणारे बरेच इलेक्ट्रोड असतात, त्यामुळे हजारो बिंदू चहा निवायच्या आत जमतात.

नातेवाइकांना आम्ही चित्र दाखवतो तेव्हा जवळजवळ प्रत्येक जण लाल भागावर बोट ठेवतो: “हाच का ब्लॉक?” ब्लॉक वगैरे काही नाही, तो रक्तवाहिन्यांचा मामला, अँजिओग्राफीतला. आपलं प्रकरण विजेचं. शिवाय रंगांचा अर्थ नकाशागणिक बदलतो. एका नकाशात कुठल्या जागी किती व्होल्टेज आहे ते असतं. साधारण ०.५ मिलिव्होल्टच्या वर असेल तर जांभळा, म्हणजे स्नायू ठणठणीत, आणि लाल म्हणजे तिथे वण पडलाय, वीज क्षीण आहे. दुसऱ्या नकाशात वीज कुठे आधी आणि कुठे नंतर पोचली ते असतं, तिथे लाल म्हणजे सर्वांत आधी आणि जांभळा म्हणजे सर्वांत शेवटी. त्यामुळे नुसता फोटो व्हॉट्सॲपवर दुसऱ्या डॉक्टरांना पाठवून फारसं काही साधत नाही.

आता ‘दोष कुठे आहे ते कळेल’ याबद्दल. इथे बऱ्याच जणांची निराशा होते.

एट्रियल फ्लटर नावाचा याचाच एक भाऊबंद आहे. त्यात वीज एका ठरलेल्या वाटेने गोल फिरते. तलावपाळीला संध्याकाळी चालणारी मंडळी डोळ्यांसमोर आणा. गडकरी रंगायतनवरून निघायचं, तळ्याला वळसा घालून पुन्हा तिथेच. मी एका कोपऱ्यावर दहा मिनिटं उभी राहिले, मग दुसऱ्या कोपऱ्यावर दहा मिनिटं, तरी सगळ्या नोंदी जोडून फेरीचा खरा नकाशा काढता येईल, कारण प्रत्येक फेरी सारखीच. वाट एका ठिकाणी अडवली की फेरी संपली. फ्लटरमध्ये मॅपिंग अगदी हेच करतं, आणि ते बघताना या कामाचा फार आनंद होतो.

फिब्रिलेशन म्हणजे त्याच तलावपाळीची आणि राम मारुती रोडची दिवाळी पहाट. कोण कुठून आलं, कुठे वळलं, कोणाला बघून थांबलं, काही पत्ता नाही. वरच्या कप्प्यांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा वीज अशी सैरावैरा धावत असते. दहा मिनिटं इथे आणि दहा मिनिटं तिथे उभं राहून घेतलेल्या नोंदी जोडल्या तर रंगीत चित्र तयार होईल, पण तशी गर्दी प्रत्यक्षात कधीच नव्हती. म्हणून चालू फिब्रिलेशनमध्ये ‘उगम इथे’ असं बोट ठेवणारा नकाशा आम्ही सहसा काढत नाही. आम्ही काढतो तो मैदानाचा नकाशा: कप्प्याचा आकार, वण कुठे आहेत आणि गल्ल्यांची तोंडं कुठे आहेत.

त्या गल्ल्या म्हणजे फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरा, बहुधा चार. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या मिशेल हायसागेर आणि सहकाऱ्यांनी अचानक येणाऱ्या फिब्रिलेशनच्या ४५ पेशंटमध्ये पहिली ठिणगी कुठे पडते ते शोधलं. अशा ६९ जागा सापडल्या, आणि त्यांतल्या ६५ या शिरांच्या आत होत्या. गर्दी मैदानात दिसते, पण लोंढा येतो गल्लीतून. तेव्हापासून ॲब्लेशनचा कणा एकच राहिला आहे: या शिरांच्या तोंडाशी गोल कडं करून त्यांचा विजेचा संबंध तोडायचा. रक्त येत राहतं, वीज येत नाही. दिवाळी पहाटेला पोलीस गल्लीच्या तोंडावर बॅरिकेड लावतात ना, तसं.

नकाशाचा खरा उपयोग इथे होतो. कुठे डाग दिला, कुठे फट राहिली, हे त्यावर खुणावता येतं. शिरेच्या तोंडाशी ठेवलेल्या कॅथेटरच्या सिग्नलमध्ये स्क्रीनवर दोन टोकदार रेघा दिसतात, एक कप्प्याची आणि एक शिरेची. कडं पूर्ण होत आलं की शिरेची रेघ मागे पडायला लागते, रेंगाळते आणि एका ठोक्याला नाहीशीच होते. लॅबमध्ये तेव्हा कोणी मोठ्याने बोलत नाही. कधी कधी तर कोंडलेली शीर आतल्या आत स्वतःच्या लयीत टिकटिकत राहते आणि बाहेर हृदय शांतपणे नियमित चालू असतं. बारा वर्षांत हे कितीदा पाहिलं असेल, तरी दिसलं की शेजारच्याला कोपर मारून दाखवतेच.

धडधड येते-जाते त्या प्रकारात शिरांचा विजेचा संबंध तोडणं बहुधा पुरतं. महिनोन्‌महिने टिकून असलेल्या फिब्रिलेशनमध्ये निकाल तितके चांगले नसतात. तिथे आणखी जागा जाळाव्यात का, यावर बराच वाद झाला. २०१५ मध्ये आलेल्या ५८९ पेशंटच्या अभ्यासात नुसता शिरांचा संबंध तोडलेल्या गटापेक्षा जास्तीचं जाळलेल्या गटांचा काही फायदा झाला नाही. तेव्हा ‘आमच्याकडे जास्त जागा जाळतात’ हे मला तरी कौतुकाचं वाटत नाही.

आणि हो, मॅपिंगशिवायही हे काम होतं. शिरेच्या तोंडाशी फुगा बसवून थंडीने गोठवायचं असेल तर अनेक ठिकाणी एक्स-रे आणि डायवर (एक्स-रेत दिसणारं औषध) भागतं. मॅपिंगचा खर्च मुख्यतः कॅथेटर आणि पॅचेसचा असतो. तेव्हा बाबांच्या डॉक्टरांना सरळ विचारा: मॅपिंग कशासाठी घेताय, उष्णतेने करणार, फुग्याने करणार की नव्या पल्स्ड फील्डने, म्हणजे विजेच्या अगदी छोट्या झटक्यांनी? तुमच्या हाताने अशा किती केसेस झाल्यात, हेही विचारा. चांगला डॉक्टर रागवत नाही. दुसरं मत जरूर घ्या, पण ते ईसीजी, होल्टर आणि इको घेऊन. त्यासाठी मॅपिंग लागत नाही.

धोका शून्य नाही. साधारण शंभरात एखाद्याच्या हृदयाभोवती रक्त साचतं आणि ते तातडीने काढावं लागतं. डाव्या कप्प्याला मागून अन्ननलिका चिकटलेली असते, तिला इजा होणं फार दुर्मीळ पण गंभीर. ॲब्लेशननंतरच्या काही आठवड्यांत ताप किंवा गिळताना दुखणं आलं तर घरगुती उपाय करत बसू नका, जिथे ॲब्लेशन झालं तिथेच फोन करा. पहिल्या दोनेक महिन्यांत धडधड परत आली म्हणजे फसलं असं नाही, भिंत अजून भरत असते. रक्त पातळ करणारी गोळी मात्र बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. ती कधी थांबवायची हे बाबांच्या पक्षाघाताच्या धोक्यावर ठरतं, धडधडीवर नाही.

एक अगदी छोटी गोष्ट, कारण माझी एक सकाळ यात गेली आहे. मी नवीन असताना एका आजोबांच्या पाठीचे पॅचेस केसच्या मध्यातच सुटायला लागले, नकाशा सरकला आणि सगळं पुन्हा काढावं लागलं. चूक माझी, आधी पाठ पुसून बघायला हवी होती. घरच्यांनी मायेने त्यांना पहाटे तेल लावून न्हाऊ घातलं होतं. बाबांना त्या दिवशी साबणाने आंघोळ घाला, अंगाला तेल, बाम, पावडर काही नको.