कावासाकीचं निदान आयएल-६ तपासून होतं का?

नाही होत. भाच्याला कावासाकीची (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) शंका आहे, तर सायटोकाइनचं (आयएल-६ सारखे सूज वाढवणारे रेणू) पॅनेल मुंबईला पाठवून रिपोर्ट येईपर्यंत थांबावं का, असं तुम्ही विचारलंय. थांबू नका. खरं तर उत्तर एवढंच, पण हाच वाद आमच्या घरात सहा वर्षं चाललाय, म्हणून बसले लिहायला.

चवथीला डिचोलीच्या मूळ घरी होतो. मुलगी दोन वर्षांची, आदल्या रात्रीपासून तापलेली. गावातल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून पातळ औषध दिलं. तिसऱ्या दिवशी डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ इतके लालबुंद की सासूबाई म्हणाल्या, माटोळीचं (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांचं) काहीतरी तोंडात घातलंय हिने. हात लावला की किंचाळायची. पाचव्या दिवशी अंग पुसताना बघते तर दंडावरचा बीसीजीचा जुना वण लाल होऊन टरारलेला. विसर्जनाची आरती चालू असताना आम्ही बांबोळीच्या सरकारी इस्पितळात निघालो. तिथल्या डॉक्टरबाईंनी वण बघितला, जीभ बघितली, कावासाकी म्हणाल्या.

नणंदेच्या यजमानांचं रक्त तपासणीचं कलेक्शन सेंटर आहे. ते म्हणाले, "एवढं महाग इंजेक्शन पुराव्याशिवाय कसं देतात? आयएल-६ करून घेऊ, तीन दिवसांत कळेल." नवरा डळमळला. सँपल त्यांनी घेतलंच, पण मी इंजेक्शनच्या संमतीचा कागद ओढून सही केली. ते इंजेक्शन म्हणजे आयव्हीआयजी, रक्तदात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं शिरेतून देतात. किलोमागे 2 ग्रॅम, वजन 11 किलो, म्हणजे 22 ग्रॅम. बारा तास थेंब थेंब. पहाटे तिने स्वतःहून पेज मागितली.

आता तुमचे सायटोकाइन. टीएनएफ-अल्फा, आयएल-१, आयएल-६ हे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींनी धाडलेले निरोप. कावासाकीत ते भरमसाट सुटतात, धमनीचं अस्तर चिकट होतं, पांढऱ्या पेशी भिंतीत घुसून तिथले तंतू कुरतडतात आणि हृदयाची धमनी फुगते. पण आयएल-६ न्यूमोनियातही वाढतं. यकृताला सीआरपी (सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) बनवायला तेच लावतं, म्हणजे साध्या सीआरपीत त्याची सावली दिसतेच. आयएल-६ अडवणारं औषधही काही मुलांना देऊन झालंय. ताप उतरला, तरी त्यांतल्या काहींच्या धमन्या फुगल्याच. मग त्या एका आकड्यावर काय ठरवणार? उपचार ताप सुरू झाल्यापासून 10 दिवसांच्या आत हवेत. न केल्यास 100 तल्या साधारण 25 मुलांच्या धमन्या फुगतात, वेळेत केल्यास 4-5.

आमचा रिपोर्ट आला तेव्हा ताप उतरून दोन दिवस झाले होते. आयएल-६ वाढलेलं. वाढलेलं असणारच की! यजमान अजून तो कागद दर चवथीला काढतात, "बघा, मी म्हणालो नव्हतो?" तिच्या बोटांची साल नखांच्या कडेने निघत होती तेव्हा मात्र बघायला कुणी आलं नाही.

मी डॉक्टर नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. 100 तल्या 10 ते 20 मुलांना पहिल्या आयव्हीआयजीने गुण येत नाही. तेव्हा टीएनएफ पकडणारं इन्फ्लिक्सिमॅब वगैरे देतात, तिथे हे रेणू कामाचे. इको (हृदयाची सोनोग्राफी) चुकवू नका, आणि आयव्हीआयजीनंतर गोवर, कांजिण्यांची लस 11 महिने पुढे ढकलतात, ते विचारून घ्या.

आणि भाच्याच्या तापाचा आज कितवा दिवस, ते तुम्ही लिहिलंच नाही.