इलॅस्टिकवाल्या चादरीची घडी जमत नाही? आधी एवढंच करा

अगं, पहिल्यांदा कुणालाच जमत नाही ती, त्यामुळे टेन्शन नको. सुरुवातीला सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चादर पूर्ण सुकलेली हवी, आणि बाकीची चादर दोरीवर सुकली तरी इलॅस्टिकची शिवण बराच वेळ ओलसर राहते, तिथे हात लावून बघायचं, नाहीतर आठवड्याभरात कपाट उघडलं की कुबट वास येतो आणि पुढे बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते सहज जात नाहीत.

आता घडी. हवेत धरून झटापट करू नकोस, नवीन लोक हीच चूक करतात. चादर उलटी करून दोन कोपऱ्यांत दोन्ही हात घाल, एक कोपरा दुसऱ्यावर उलटवून बसव, मग उरलेले दोन तसेच त्यावर चढव. चारही एकात एक गेले की पलंगावर पसर, इलॅस्टिकची कड आत दुमड, झाला चौकोन! मग तीन घड्या उभ्या, तीन आडव्या. अगदी सपाट नाही होणार, चालतं.

ठेवताना:
- चादर आणि अभ्रे त्याच सेटच्या एका अभ्र्यात भर, जोडी शोधावी लागत नाही
- धुतलेला सेट गठ्ठ्याच्या खाली, वापरायला वरचा
- प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद नको, दमट राहतं
- कपाट ठासून भरू नकोस

इस्त्री वगैरे नंतर बघू, आधी दोन-तीन वेळा एवढंच करून बघ आणि कुठे अडलं ते सांग.